भूल देण्याआधीची भीती

मुलाचं ऑपरेशन ठरलं की घरात सर्जनची, खर्चाची, रजेची चर्चा होते. मुलाच्या भीतीबद्दल मात्र ‘रडेल थोडा वेळ, मग विसरेल’ एवढंच बोललं जातं. ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेतले भूलतज्ज्ञ झीव केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॉन्सिल-ॲडिनॉइडच्या शस्त्रक्रियेला आलेल्या ५ ते १२ वर्षांच्या २४१ मुलांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. आधी जास्त घाबरलेल्या मुलांना नंतर जास्त दुखलं, घरी गेल्यावर त्यांना वेदनाशामकं जास्त लागली, त्यांच्या झोपेच्या तक्रारीही वाढल्या. याचा अर्थ भीतीची दखल उपचाराचा भाग म्हणूनच घ्यायला हवी. डोळ्यांवर चढवायच्या व्हर्च्युअल रिॲलिटीच्या चष्म्याकडे मी याच नजरेनं पाहतो. मुलाला गुंगवून ठेवणं हा त्याचा एक उपयोग झाला. शस्त्रक्रियेआधी मात्र त्याचं मोल निराळं आहे: पुढे काय घडणार आहे, हे तो मुलाला खरंखुरं दाखवू शकतो.

गुंगवण्याचा उपयोग आधी सापडला. सिएटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९० च्या दशकात भाजलेल्या रुग्णांसाठी हे तंत्र वापरायला सुरुवात केली. त्यांच्या ‘स्नोवर्ल्ड’मध्ये रुग्ण बर्फाळ दरीतून जातो, पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकतो आणि तेवढ्यात त्याची मलमपट्टी होते. मेंदूचं लक्ष मर्यादित असतं. ते दुसरीकडे गुंतलं की वेदनेच्या वाट्याला कमी येतं. भाजलेल्या जखमेची पट्टी बदलताना मुलाला समजावण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, म्हणून तिथे हे योग्यच. थिएटरच्या दाराशी उभ्या मुलाचं तसं नसतं. हिरव्या कपड्यांतली, तोंड झाकलेली अनोळखी माणसं, नाकावर येणारा मास्क आणि आईचा सुटणारा हात, यातलं काहीच त्यानं आधी पाहिलेलं नसतं. दक्षिण कोरियातल्या बुंदांगच्या रुग्णालयानं नेमकं हेच हेरलं. तिथल्या ४ ते १० वर्षांच्या ६९ मुलांवरचा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना नेहमीसारखी माहिती दिली. बाकीच्यांना चष्म्यातून चार मिनिटांत ऑपरेशन थिएटर दाखवलं आणि सोबतीला होता कोरियन मुलांचा लाडका पेंग्विन पोरोरो. चष्मा लावलेली मुलं स्पष्टपणे कमी घाबरली आणि भूल देतानाही त्यांनी अधिक सहकार्य केलं.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप रॉटरडॅमहून येतो. तिथल्या सोफिया बालरुग्णालयात सुमारे दोनशे मुलांवर असाच प्रयोग झाला. २०१९ मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांत दोन्ही गटांच्या भीतीत फरक दिसला नाही. हा निकाल बाजूला सारून चष्म्याचं कौतुक करणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. मात्र त्याच प्रयोगात टॉन्सिल-ॲडिनॉइडच्या, म्हणजे जास्त दुखणाऱ्या शस्त्रक्रियांनंतर, चष्मा वापरलेल्या कमी मुलांना वेदनेसाठी वाढीव औषध लागलं. मुलांच्या तात्पुरत्या वेदनेवर चष्म्यानं मन गुंतवण्याच्या १७ प्रयोगांचा, कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं घेतलेला आढावा २०२० मध्ये आला, आणि त्यानंही पुराव्याची खात्री कमीच असल्याचं सांगितलं. माझ्या मते यातून निघतं ते असं: हे साधन सगळीकडे सारखं चालत नाही, म्हणून रुग्णालयानं ते घेताना आपल्याकडच्या मुलांची भीती आधी आणि नंतर मोजावी. ती मोजण्याची पद्धत उपलब्ध आहे. प्रशिक्षित निरीक्षक मुलाचं वागणं, आवाज आणि चेहरा पाहून गुण देतो.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. चष्मा आला म्हणून आई-बाबांना लवकर बाहेर काढलं तर? ब्रिटनमध्ये १९५९ च्या प्लॅट अहवालानं आई-वडिलांना मुलाजवळ येण्याची मुभा हवी, असं बजावलं, तेव्हा कुठे तिथल्या वॉर्डांची दारं हळूहळू उघडली. यंत्राच्या नावाखाली ती पुन्हा लागता कामा नयेत. तान्ह्या बाळांना, चेहऱ्यावर जखम असलेल्यांना किंवा मळमळणाऱ्या मुलांना चष्मा लावताच येत नाही. त्यांना माणूसच हवा. आणि चष्मा परवडणार नाही अशा रुग्णालयाचं काही अडत नाही. थिएटरचा चार मिनिटांचा व्हिडिओ साध्या मोबाइलवर दाखवता येतो, भुलीचा मास्क आदल्या दिवशी मुलाच्या हातात देता येतो. ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल’ असं खोटं सांगण्याऐवजी सुई किती दुखेल आणि आई कुठपर्यंत सोबत येईल, हे त्याला त्याच वेळी सांगता येतं.