उपग्रहाचे घड्याळ, शेताची हद्द आणि रस्त्याचा टोल

कात्रजचा घाट ओलांडून साताऱ्याच्या दिशेने जाताना खेड शिवापूर मागे पडले की भोर तालुका सुरू होतो. शिवरे हे गाव याच पट्ट्यात असून, उपग्रहांच्या साहाय्याने स्थान ओळखण्याच्या तंत्राशी येथील रहिवाशांचा संबंध आता मोबाइलवरच्या नकाशापुरता राहिलेला नाही. जमिनीची शासकीय मोजणी रोव्हर या यंत्राने होऊ लागली आहे आणि महामार्गाचा टोल प्रत्यक्ष कापलेल्या अंतरावर आकारण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आली आहे. म्हणजे शेताचा बांध आणि प्रवासाचा खर्च या दोन्ही गोष्टी आकाशातून येणाऱ्या संकेतांशी जोडल्या जात आहेत. हे संकेत कोणाचे, ते चुकले किंवा बंद पडले तर जबाबदारी कोणाची, आणि त्यातून जमा होणारी माहिती कोणाच्या हाती राहणार, हे प्रश्न उपग्रह दिशादर्शनाच्या शासकीय धोरणात मोडतात.

या सेवेचे मूळ घड्याळात आहे. प्रत्येक उपग्रहावर अणुघड्याळ असते, म्हणजे रुबिडियमसारख्या मूलद्रव्याच्या अणूंच्या ठरावीक कंपनांवर चालणारे अत्यंत अचूक घड्याळ. उपग्रह आपली वेळ आणि आपले स्थान सतत प्रसारित करतो; जमिनीवरचा ग्राहकसंच तो संकेत पोहोचण्यास किती वेळ लागला हे पाहून उपग्रहापर्यंतचे अंतर काढतो आणि किमान चार उपग्रहांची अंतरे जुळवून आपली जागा व अचूक वेळ ठरवितो. प्रकाशाच्या वेगाने धावणारा हा संकेत एका सेकंदाच्या दशलक्षांश भागात सुमारे तीनशे मीटर जात असल्यामुळे घड्याळातील तेवढ्याशा चुकीने अंतराचा हिशेब तितकाच बिघडतो. वीजवाहिन्यांचे जाळे, मोबाइलचे मनोरे आणि बँकांचे व्यवहार याच वेळेवर एकमेकांशी जुळवून घेतात. म्हणून स्थान आणि वेळ या दोन वेगळ्या सेवा मानणे तांत्रिकदृष्ट्या चुकीचे ठरते.

अचूकता केवळ विज्ञानाने ठरत नाही, सरकारच्या निर्णयानेही ठरते, हे जीपीएसच्या इतिहासातून स्पष्ट दिसते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेल्या या व्यवस्थेत नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळली जात असे, त्यामुळे सामान्य ग्राहकसंचाला सुमारे शंभर मीटरपर्यंतची फसगत सोसावी लागे. मे २००० मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ही भेसळ थांबली आणि जगभरातील त्याच जुन्या यंत्रांची अचूकता एका रात्रीत कित्येक पटींनी वाढली. जी गोष्ट आदेशाने मिळते ती आदेशाने काढूनही घेता येते, ही जाणीव अनेक देशांना होती. भारत सरकारने २००६ मध्ये स्वतःच्या प्रादेशिक व्यवस्थेला मंजुरी दिली, ती याच विचारातून.

पुढे ‘नाविक’ असे नाव मिळालेल्या या व्यवस्थेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी आणि सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी अवकाशात गेला. भारत आणि त्याभोवतीचा सुमारे दीड हजार किलोमीटरचा प्रदेश हे तिचे कार्यक्षेत्र ठरले. त्यानंतरचा प्रवास मात्र खडतर झाला. पहिल्याच उपग्रहावरील तिन्ही आयात अणुघड्याळे बंद पडली. त्याच्या जागी पाठविलेला उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये उष्णतारोधक कवच न सुटल्याने निकामी ठरला. एप्रिल २०१८ मध्ये दुसरा बदली उपग्रह यशस्वीपणे पोहोचला. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात घडविलेले स्वदेशी रुबिडियम घड्याळ २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ या उपग्रहातून प्रथमच अवकाशात गेले, ही या कथेतील खरोखर अभिमानाची नोंद आहे. परंतु जानेवारी २०२५ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०२ च्या इंजिनाला ऑक्सिडायझर पुरविणारी झडप उघडली नाही आणि तो नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार एकूण अकरा उपग्रहांपैकी स्थान व वेळ सांगण्याची सेवा देणारे चारच उरले होते. स्थान ठरविण्यास किमान चार उपग्रह लागतात हे लक्षात घेतले, तर त्या वेळी व्यवस्थेकडे एकाही उपग्रहाची शिल्लक नव्हती असा याचा अर्थ होतो. शास्त्रज्ञांच्या कष्टांबद्दल शंका नाही. प्रश्न बदली उपग्रह वेळेत तयार ठेवण्याच्या नियोजनाचा आणि त्यासाठीच्या निधीचा आहे.

मोजणीचा प्रश्न अधिक जवळचा आणि अधिक गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्रातील जुनी मोजणी शंकू साखळीने झाली. ही साखळी ३३ फूट लांबीची आणि १६ आण्यांत विभागलेली असे, आणि ३३ फूट बाजूच्या चौरसाला गुंठा म्हणत. त्या मोजणीची मापे टिपणात उतरली आणि आजचे बहुतेक हद्दीचे वाद शेवटी त्याच टिपणापाशी येऊन थांबतात. रोव्हर हा उपग्रहांचे संकेत घेणारा, काठीवर बसविलेला ग्राहकसंच असून, कॉर्स या स्थिर संदर्भ केंद्रांकडून तो दुरुस्तीची माहिती घेतो. ज्याचे स्थान आधीच नेमके ठाऊक आहे अशा जागी सतत चालू असलेले केंद्र त्या क्षणी उपग्रहाच्या मापात किती चूक येत आहे हे कळविते आणि रोव्हर ती वजा करून काही सेंटिमीटरपर्यंत अचूक उत्तर देतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या सहकार्याने राज्यात अशी ७७ केंद्रे उभी राहिली आहेत. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनद्वारे गावठाण मोजण्याचा जो प्रारंभिक प्रयोग झाला आणि ज्या पद्धतीला पुढे २०२० मध्ये स्वामित्व योजनेचे देशव्यापी रूप मिळाले, तिलाही अशाच केंद्रांचा आधार लागतो.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा लागतो. रोव्हर आज रोवलेल्या खुणेचे अक्षांश-रेखांश अचूक सांगतो, परंतु शतकापूर्वीच्या भूकरमापकाने हद्द नेमकी कोठे धरली होती हे त्याला सांगता येत नाही. साखळी चढउतारावर ताणली गेली असेल, हद्दीचा दगड हलला असेल किंवा बांध कोरला गेला असेल, तर नवे अचूक माप आणि जुने टिपण यांत फरक पडणारच. त्या फरकाचा निकाल अभिलेख, वहिवाट आणि कायदा यांच्या आधारेच लागला पाहिजे. सह्याद्रीच्या कुशीतल्या भोर आणि वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात आणखी एक अडचण संभवते: अरुंद दरीत किंवा दाट झाडीत आकाशाचा भाग झाकला जातो, दिसणारे उपग्रह कमी होतात आणि मोबाइलचे जाळे क्षीण असल्यास केंद्राकडून येणारी दुरुस्तीही तुटते. अशा जागी जुन्या पद्धतीची जोड देण्याची तयारी भूमी अभिलेख खात्याने कायम ठेवली पाहिजे.

टोलच्या बाबतीत खेड शिवापूरच्या नाक्याचा इतिहास बोलका आहे. थोडेसे अंतर जाणाऱ्या स्थानिकांनी पूर्ण टप्प्याचा टोल का भरावा, या प्रश्नावर येथे दीर्घकाळ आंदोलने झाली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ९ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांत केलेली दुरुस्ती तत्त्वतः याच तक्रारीचे उत्तर आहे: उपग्रहाधारित यंत्र बसविलेल्या वाहनाला, नॅशनल परमिटची वाहने वगळता, दिवसाला प्रत्येक दिशेने पहिल्या वीस किलोमीटरला शुल्क नाही आणि त्यापुढे प्रत्यक्ष अंतराएवढेच शुल्क. शिवरे परिसरातून पुण्याला रोज ये-जा करणाऱ्याच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्य आहे. मात्र एप्रिल २०२५ मध्ये मंत्रालयानेच १ मे पासून देशभर उपग्रहाधारित टोल सुरू करण्याचा निर्णय झालेला नसल्याचे स्पष्ट केले. ही सावधगिरी योग्यच म्हणावी लागेल, कारण वाहनाचा प्रत्येक प्रवास नोंदविणारी यंत्रणा उभी करण्यापूर्वी ती नोंद किती दिवस ठेवायची आणि कोणाला दाखवायची याचे बंधन आधी हवे. संकेतात मुद्दाम खोटेपणा मिसळण्याचा धोकाही काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, विमानांच्या जीपीएसमध्ये अडथळा येण्याच्या ४६५ घटना घडल्याची माहिती सरकारनेच लोकसभेत दिली.

धोरणाच्या कागदांची मात्र उणीव नाही. उपग्रह दिशादर्शन धोरणाचा मसुदा २०२१ मध्ये जाहीर झाला. त्याच वर्षी १५ फेब्रुवारीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्याच्या पूर्वपरवानगीतून मुक्त केले. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आले आणि भारतीय प्रमाणवेळ सर्व व्यवहारांना बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. नागरी संकेत विनामूल्य मिळावेत आणि सेवेत खंड पडू नये, हे २०२१ च्या मसुद्यातील उद्दिष्ट स्वागतार्ह आहे. परंतु किती उपग्रह सदैव कार्यरत राहतील याची आकड्यांत हमी आणि सेवा ढासळल्यास नागरिकांना तत्काळ कळविण्याचे बंधन यांवाचून ते उद्दिष्ट अपुरे राहते.

जमिनीच्या मोजणीत चूक वाटल्यास निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. उपग्रहाने मोजलेल्या टोलच्या अंतरावरही तसाच सोपा, तालुक्याच्या पातळीवरचा आक्षेपाचा मार्ग नियमांत असला पाहिजे, आणि तो सक्तीच्या आधी असला पाहिजे. तोवर मोजणी करून घेणाऱ्या प्रत्येक खातेदाराने नकाशाची ‘क’ प्रत हाती आल्यावर तीवर हद्दीच्या खुणांचे अक्षांश-रेखांश नोंदलेले आहेत का, हे तपासावे. नसल्यास ते भूमी अभिलेख कार्यालयाकडून लेखी मागून घ्यावेत आणि जुन्या टिपणाच्या नकलेसोबत जपून ठेवावेत.