पत्रे का उडतात? शेडची खरी ताकद छताखालच्या ‘पर्लिन’मध्ये

छत्रपती संभाजीनगर : वळवाच्या वादळात ‘पत्रे उडाले’ ही बातमी मराठवाड्यात नेहमीची. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यातील कारखान्याची शेड असो की मंगल कार्यालयाचा हॉल, पत्रा ज्या आडव्या लोखंडी तुळयांवर बसतो त्या पर्लिनवर बरेच काही अवलंबून असते. खर्च कमी करताना पहिली कात्रीही तिलाच लागते. मग स्टील कुठे वाचवावे आणि कुठे नाही?

खरा शत्रू वजन नव्हे, वारा

अर्धा मिमी जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला साधारण ४-५ किलो. वाऱ्याच्या भारासाठीच्या ‘आयएस ८७५ (भाग ३)’ या मानकात आपल्या शहरासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किमी धरला आहे. या वेगाचा ढोबळ दाब चौरस मीटरला ९३ किलो होतो. उतार कमी असलेल्या छतावरून वारा जाताना पत्रा वर खेचला जातो. मोठे शटर उघडे राहिले तर आत शिरलेली हवाही त्याला वर ढकलते. कडा आणि कोपऱ्यांवर ही ओढ सर्वाधिक असते.

स्टील कुठे वाचते?

* आकार : १२५ मिमीचे साधे चॅनल मीटरला सुमारे १३ किलो भरते. २ मिमी पत्र्यापासून वाकवलेली, २०० मिमी उंचीची ‘झेड’ पर्लिन साडेपाच किलोच्या आसपास. वाकण्याला विरोध मात्र दोघींचा जवळपास सारखा, कारण ‘झेड’मधले स्टील मध्यापासून दूर, वर आणि खाली असते.
* जोड : फ्रेमवर दोन ‘झेड’ एकमेकींवर चढवून बोल्ट केल्या की त्या सलग तुळईसारख्या काम करतात आणि मधला झोळ कमी होतो. टोकाच्या गाळ्यात ताण जास्त असल्याने तिथे जाड पर्लिन लागते.
* अंतर : दोन फ्रेममधील अंतर ५ वरून ६ मीटर केले तर त्याच भाराला वाकवणारा जोर ४४ टक्क्यांनी वाढतो आणि झोळ दुपटीहून अधिक होतो. फ्रेम कमी केल्याची बचत पर्लिनमध्ये जाऊ शकते. ‘आयएस ८००’नुसार धातूच्या पत्र्याखाली ६ मीटरच्या पर्लिनला ४० मिमीपर्यंतच झोळ चालतो.

इथे काटकसर नको

भार वरून येतो तेव्हा पर्लिनची वरची कड दाबली जाते आणि स्क्रूने बसवलेला पत्रा तिला धरून ठेवतो. वारा छत उचलतो तेव्हा दाब खालच्या कडेवर येतो. तिला धरायला काहीच नसेल तर पातळ पर्लिन पिळवटते. त्यासाठी दोन पर्लिनमध्ये सॅग रॉड किंवा आडवे ब्रेसिंग लागते. खर्चात किरकोळ वाटणारी हीच वस्तू बऱ्याचदा वगळली जाते.

फॅब्रिकेटरला काय विचाराल?

१. वाऱ्याचा वेग किती धरला? छत वर उचलले जाण्याचा हिशेब केला का?
२. सॅग रॉड कुठे आणि किती?
३. कडेला आणि कोपऱ्यात स्क्रू जास्त आहेत का?
४. पुढे सोलर पॅनल बसवायचे असतील तर त्यांचा भार आताच धरला आहे का?

उत्तरे तोंडी नकोत. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचे डिझाइन हातात घ्या. छताखाली माणसे काम करत असतात.