बाजाराची थैली



मानोऱ्याच्या आठवडी बाजारात कोणालाही विचारा, “पन्नी चांगली की वाईट?” भाजीवाला म्हणेल वाईट, गिऱ्हाईक म्हणेल वाईट, नाली उपसणारा सफाई कामगार तर दोन शब्द जास्तच बोलेल. आणि बोलता बोलता अर्धा किलो वांगी पन्नीतच पडतील! तोंड एक म्हणते आणि हात दुसरेच करतात, असे का व्हावे? याचा आज आपण थोडा विचार करू.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. प्लास्टिक म्हटले की सगळेच टाकाऊ, असे नाही. ठिबकची नळी, पाण्याचा ड्रम, शेततळ्याचे अस्तर या वस्तू वर्षानुवर्षे आपल्या कामी येतात. आपले भांडण आहे ते अर्ध्या तासाच्या पन्नीशी. बाजारापासून घरापर्यंत तिचे काम, पुढे ती निकामी. पालापाचोळा कुजून खत होते. ही कुजत नाही. उन्हाने तिचे बारीक बारीक तुकडे होतात आणि ते मातीत मिसळून राहतात.

याची झळ सर्वांत आधी कोणाला लागते? आपल्या गोठ्याला. घरची बाई उरलेली भाकर, भाजीची साले पन्नीत बांधून उकिरड्यावर टाकते. गाय काही गाठ सोडून खात नाही. गुरांची रीतच अशी, की चारा आधी भराभर गिळायचा आणि मग निवांत बसून रवंथ करायचा. अन्नाच्या वासाने गाय पन्नीसकट सगळे गिळते. अन्न पचते, पन्नी मात्र पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, म्हणजे कोठीपोटात, अडकून राहते. ती रवंथाला वर येत नाही, की शेणावाटे खाली जात नाही. एकीत दुसरी गुंतते, त्यात दोऱ्या अडकतात आणि आत मोठा गोळा तयार होतो. गाय चारा सोडते, दूध तोडते, पोट फुगते. अशा गोळ्यावर पाजायचे औषध चालत नाही. पोट उघडून तो काढावा लागतो. शेतकऱ्याच्या घरी हा खर्च कोठून यायचा? बाजारात फुकट मिळालेल्या पन्नीचा हिशेब असा गोठ्यात चुकवावा लागतो.

मग एवढे कळूनही ती सुटत का नाही? कारण ती पातळ आहे, आणि पातळ म्हणून स्वस्त आहे. पन्नीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे हजार भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. पन्नी जितकी पातळ तितकी दुकानदाराला ती फुकट देणे परवडते. शिवाय तिला वजनच नाही, म्हणून भंगार वेचणाराही ती उचलत नाही. दिवसभर वेचल्या तरी काट्यावर काय भरणार? सरकारने जाडीचे नियम केले ते याच कारणाने. देशाच्या नियमांत ही किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. जाड पिशवी फुकट वाटता येत नाही आणि भंगारात तिला मोलही येते.

आपले राज्य तर याहून पुढे गेले. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईचे नाले कशाने तुंबले, याची बरीच चर्चा झाली आणि पन्नीचे नाव त्यात पुढे आले. २००६ साली राज्याने अविघटनशील कचऱ्यासंबंधी कायदा केला. त्या कायद्याखाली २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना निघाली आणि सामान नेण्याच्या प्लास्टिक पिशव्यांवर, जाडी कितीही असो, बंदी आली. तीन महिन्यांची मुदत संपून २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० रुपये, तिसऱ्या वेळी २५,००० रुपये आणि तीन महिने कैद. पुढे १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकची ताटे, पेले, चमचे, पेय ओढण्याच्या नळ्या अशा एकदाच वापरायच्या वस्तू देशभर बंद झाल्या.

पहिले काही महिने लोक खरोखरच थैल्या घेऊन बाजारात निघाले. तपासणी ओसरली, तशी पन्नी हळूच हातगाडीवर परत आली. लोक बेपर्वा आहेत, असे म्हणून मोकळे होऊ नका. लोकांचीही एक तक्रार आहे आणि ती ऐकण्यासारखी आहे. “भाजीवालीची पन्नी धरता, मग कंपनीच्या चकाकत्या पाकिटांचे काय?” प्रश्न रास्त आहे. त्या पाकिटात प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवालाही ते नाकारतो. असा माल परत गोळा करण्याची जबाबदारी नियमांनी तो बाजारात आणणाऱ्या कंपनीवर टाकली आहे. पण ती गाडी तांड्यापर्यंत येतेच असे नाही. तक्रार खरी, तरी तेवढ्याने आपला उकिरडा स्वच्छ होत नाही.

आता जरा दूर आयर्लंड देशाकडे पाहू. तेथे मार्च २००२ मध्ये दुकानातल्या प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर बसवला. रक्कम लहानच. पण पूर्वी माणशी वर्षाला सुमारे ३२८ पिशव्या लागत, त्या २१ वर आल्या. यातले मर्म लक्षात घ्या. आपल्याकडचा दंड मोठा, पण तो कधीतरी, कोणाला तरी होतो. तेथली रक्कम लहान, पण ती दर वेळी, प्रत्येकाला मोजावी लागते. सवय मोडते ती दर वेळच्या लहानशा अडवणुकीने. ही अडवणूक आपले गावही करू शकते. त्याला दिल्ली-मुंबईची वाट पाहायला नको.

ती कशी? दुकानदाराने शिवलेल्या थैल्या ठेवाव्यात. थैली विसरलेल्या गिऱ्हाइकाकडून दहा-वीस रुपये ठेव घ्यावी आणि थैली परत आणली की पैसे परत द्यावेत. गिऱ्हाईक तुटत नाही, फुकटही काही जात नाही. बचत गटाच्या बायांनी या थैल्या जुन्या लुगड्या-धोतरांच्या शिवाव्यात. जुन्याच का? ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ साली असा हिशेब मांडला, की हवा तापवण्याच्या दृष्टीने नवी सुती थैली १३१ वेळा वापराल तेव्हा कोठे ती एकदाच वापरलेल्या पातळ पिशवीच्या बरोबरीला येते. कापूस पिकवायला आणि कापड विणायला काय लागते, हे आपल्या भागाला सांगायला नको. आठवड्याचा एक बाजार धरला, तर हे अडीच वर्षांचे काम. म्हणून दर सभेत नवी थैली वाटून छायाचित्र काढण्यापेक्षा घरची एकच थैली टिकवणे बरे. आणि कापडासारखी दिसणारी प्रत्येक थैली कापडी नसते. उभे-आडवे धागे दिसले नाहीत, तर ते बहुधा प्लास्टिकच समजा.

आपल्या तालुक्याला हे शिकवावे लागेल असेही नाही. तांड्यातल्या बंजारा बंधूंच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून धान्य आणि मीठ देशभर पोचवले. आपल्या रानात पळस आहे आणि त्याच्या पानांच्या पत्रावळी-द्रोणांवर कित्येक लग्ने उठली आहेत. रामनवमीला पोहरादेवीला लाखो भाविक येतात. तेथे जाताना प्रत्येकाने घरून ताट-पेला नेला, तर केवढा कचरा टळेल!

जो कचरा घरात येतोच, तो पेटवू नका. त्या विषारी धुरात चुलीजवळची बाई आणि तिच्या कडेवरचे लेकरू आधी सापडते. पाकिटे कोरडी करून गोणीत साठवा आणि ग्रामपंचायतीकडे द्या. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतींवरही टाकली आहे. तेव्हा ग्रामसभेत हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

शिक्षक मित्रांनो, आपल्यासाठी एक सोपा पाठ. मुलांना आठवडाभर घरात आलेल्या पन्न्या आणि पाकिटे मोजायला सांगा. तीन रकाने करा: घेतल्याशिवाय चालले असते ते, दुकानदाराला परत देता आले असते ते, आणि ज्याला इलाज नव्हता ते. मग नकाशा उघडा. नालीतली पन्नी अरुणावतीत जाते, अरुणावती पैनगंगेत, पैनगंगा वर्धेत, वर्धा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत, आणि गोदावरी समुद्रात. भूगोलही होईल आणि गणितही. पहिला रकाना किती भरला, हे मुलांनी घरी वाचून दाखवले, की पुढचे काम घरातली माणसेच करतील.

आणि आपल्या सर्वांसाठी एवढेच: थैली खुंटीला टांगू नका. सायकलच्या हँडलला, गाडीच्या डिकीत, कोटाच्या खिशात घडी करून ठेवा. बाजाराला निघताना ती आठवावी लागता कामा नये. ती आधीच बरोबर असली पाहिजे.