मोटारीचे धातुकवच असलेली पायसायकल : वजन व शक्ती यांचा हिशेब

जुन्या मोटारीचे बुटके, लांब नाकाचे आणि चाके उघडी ठेवलेले रूप पायसायकलीस द्यावे, ही कल्पना यंत्रविद्येच्या विद्यार्थ्यांस नेहमीच मोह घालीत आलेली आहे. नवी मुंबईसारख्या शहरात अशी गाडी घडविण्यास साहित्याची वाण नाही. कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात पत्रा व नळ्या मिळतात. तळोजे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहतींत पत्रा वाकविणारे व सांधणारे कुशल कारागीर आहेत. वाण आहे ती शक्तीची. या गाडीचे इंजिन म्हणजे स्वतः चालक होय. तेव्हा मोटारीचे कवच त्या इंजिनास कितपत पेलेल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

‘हॉट रॉड’ या नावाने ओळखला जाणारा मोटारीचा प्रकार अमेरिकेत, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियात, 1930 नंतरच्या काळात वाढीस लागला. तेथील तरुण फोर्डच्या जुन्या, स्वस्तात मिळणाऱ्या गाड्या घेत आणि कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर त्या पळवीत. चिखलरोधक पत्रे, पायफळ्या इत्यादी अनावश्यक भाग काढून टाकावेत, छप्पर कापून बुटके करावे, इंजिन मात्र अधिक जोरदार बसवावे, अशी त्यांची रीत होती. म्हणजे आज जे रूप आपणांस शोभेचे वाटते ते मुळात वजन कमी करण्याच्या खटपटीतून उत्पन्न झाले. सायकलीवर मोटारीचे कवच चढविणारा याच्या नेमके उलट करतो : शक्ती तीच ठेवून तो वजन वाढवितो. ही विसंगती प्रथमच ध्यानात घेतली पाहिजे.

साधारण प्रकृतीचा मनुष्य दीर्घकाळ पायडल मारीत असता सुमारे 75 वॉट, म्हणजे एक दशांश अश्वशक्ती, इतकी शक्ती देऊ शकतो. काही क्षण तो याच्या कित्येक पट जोर करील. परंतु प्रवासाचा हिशेब क्षणिक जोरावर मांडता येत नाही.

आता कवचाचे वजन पाहू. सव्वादोन मीटर लांब व पाऊण मीटर रुंद अशा एका माणसाच्या गाडीस, खिडक्या व चाकांच्या जागा वजा जाता, सुमारे 4 चौरस मीटर पत्रा लागेल असे धरू. एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरास 7.85 किलोग्रॅम भरते. त्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा अवघा 2.7 किलोग्रॅम भरतो. यावरून 1.2 मिलिमीटर पोलादाचे कवच सुमारे 38 किलोग्रॅम, 0.8 मिलिमीटरचे 25, तर 1 मिलिमीटर ॲल्युमिनियमचे 11 किलोग्रॅम होईल. जड कवचास आधारही जड लागतो. पोलादी गाडीचा सांगाडा, चाके व इतर भाग मिळून 47 किलोग्रॅम आणि हलक्या गाडीचे 34 किलोग्रॅम धरले, व 65 किलोग्रॅमचा चालक आत बसविला, तर पहिलीचा एकूण भार 150 आणि दुसरीचा 110 किलोग्रॅम होतो.

सपाट रस्त्यावर या दोहोंतील अंतर अपेक्षेहून कमी आहे. चाकांच्या फिरण्यास होणारा रोध भाराच्या सुमारे एक सव्वाशांश धरून व हवेचा रोध दोहोंस सारखा मानून हिशेब केला, तर 75 वॉट शक्तीत जड गाडी ताशी साडेचौदा आणि हलकी गाडी सोळा किलोमीटरच्या आसपास चालेल. वाशीहून बेलापूरकडे जाणाऱ्या पाम बीच मार्गासारख्या सपाट रस्त्यावर गाडीची चाचणी घेणारा कारागीर म्हणूनच सहज फसतो. गाडी चालते, आणि आपले काम साधले असे त्यास वाटते.

खरी परीक्षा उड्डाणपुलाच्या चढावर होते. पंचवीस मीटरांत एक मीटर उंची वाढणारा चढ घ्या. जड गाडीस वर ओढण्यासाठी 6 किलोग्रॅम चढाचा व 1.2 किलोग्रॅम चाकांचा, असा 7.2 किलोग्रॅमचा जोर सतत लागेल. 75 वॉट शक्तीत तिचा वेग ताशी 3.8 किलोमीटर होईल. बाजूने चालणारा मनुष्य तिला मागे टाकील. हलकी गाडी ताशी 5.2 किलोमीटरने, म्हणजे पादचाऱ्याच्या बरोबरीने जाईल. साधी सायकल, चालकासह 80 किलोग्रॅम धरल्यास, साडेसात किलोमीटरने जाते. सपाटीवर झाकून राहिलेला वजनाचा दोष चढ उघडा करतो.

दंतचक्रांची निवड याच हिशेबावर अवलंबून आहे. पुढे 44 व मागे 18 दाते असलेली जुन्या पद्धतीची सायकल पायडलाच्या एका फेऱ्यात सुमारे 5.4 मीटर पुढे जाते. तीच योजना जड गाडीस ठेवली, तर वरील चढावर पायडलावर सरासरी 37 किलोग्रॅमचा दाब द्यावा लागेल आणि मिनिटास जेमतेम बारा फेरे होतील. गुडघ्यांस हे फार काळ सोसणार नाही. एका फेऱ्यात गाडी एक मीटरच जाईल असे दंतचक्र दिल्यास तोच दाब सुमारे 7 किलोग्रॅमवर येतो. श्रमाची एकंदर बेरीज मात्र बदलत नाही. ती केवळ सोसण्याजोगी होते.

हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नाही. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षाच्या सुधारणेचे काम केले आणि 2002 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. प्रचलित रिक्षास दंतचक्रांची योजना नसल्यामुळे चढावर चालकास खाली उतरून ती ओढावी लागते, आणि रोधक केवळ पुढच्या चाकास असल्यामुळे उतार धोक्याचा ठरतो, हे दोष त्यांनी दाखविले. चांगल्या दंतचक्रांची व विद्युत् साहाय्याची रिक्षाही तयार केली. हौशी मनुष्य रविवारी गाडी ढकलून घरी परत येईल. रिक्षाचालकास तेच पोटासाठी रोज करावे लागते. नवी मुंबईपासून फार दूर नसलेल्या माथेरानमध्ये माणसाने ओढावयाच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिला. चढावर माणसाकडून वजन ओढविण्यात जी अमानुषता आहे, तिचा पाया वर मांडलेल्या साध्या गणितातच आहे.

चाकांविषयी एक गोष्ट अवश्य सांगितली पाहिजे. सायकल वळताना कलते, त्यामुळे तिच्या आऱ्यांवर आडवा ताण फारसा येत नाही. चार चाकांची गाडी कलत नाही. वळणाचा सारा जोर चाकांस आडवा बसतो व साध्या आऱ्या वाकतात. यास्तव 20 इंची लहान चाके व जाड आस वापरावेत. हॉट रॉडचे बुटके रूप येथे खरोखर उपयोगी पडते. चाकांमधील अंतर 80 सेंटिमीटर असता गुरुत्वमध्य जमिनीपासून 80 सेंटिमीटरवर असेल, तर 5 मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी ताशी सुमारे 18 किलोमीटरला उलटू लागेल. तो 45 सेंटिमीटरवर आणल्यास ही मर्यादा 24 किलोमीटरच्या जवळ जाते. उतारावर थांबविण्याची गतिज ऊर्जाही साध्या सायकलीच्या जवळजवळ दुप्पट असते. म्हणून रोधक एकाहून अधिक चाकांवर आणि दमदार असावेत.

पातळ पत्रा लवतो व खडखडतो, ही अडचण जाडी वाढवून सोडवू नये. पत्र्यास बाक दिला, कडा दुमडल्या आणि मधून उठावाच्या रेघा काढल्या, की वजन न वाढता त्यास ताठपणा येतो. नेदरलँड्समधील ‘अलेवेडर’ या पायगाडीत याहून पुढचे पाऊल टाकलेले आहे. तिचे रिव्हेटांनी जोडलेले ॲल्युमिनियमचे कवच हाच तिचा सांगाडा होय. वेगळ्या नळ्यांच्या सांगाड्यावर कवच लादलेले नाही. त्यामुळे संपूर्ण गाडीचे वजन सुमारे 35 किलोग्रॅमवर राहिले. फ्रान्समध्ये शार्ल मोशे यांनी दोन महायुद्धांच्या दरम्यान बनविलेल्या चारचाकी ‘वेलोकार’ गाड्यांतही हलकेपणाचाच ध्यास होता.

खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत उघडे पोलाद लवकर गंजते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरल्यास तो सांधताना निघणारी वाफ आरोग्यास अपायकारक असते. असे सांधे रिव्हेटांनी जोडणे बरे. ॲल्युमिनियम व पोलाद एकमेकांस भिडतात तेथे रबर किंवा रंगाचा थर द्यावा, एरवी खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजते. तळास पाणी निथळण्याची भोके आणि पुढे-मागे वाऱ्याची वाट ठेवावी. वैशाखात बंद धातुकवच भट्टीसारखे तापते.

सारांश, अशी गाडी बांधणाऱ्याने हॉट रॉडचे रूप उचलण्यापूर्वी त्याचा नियम उचलावा. मोटारीत इंजिन बदलता येत होते. येथे ते बदलता येत नाही. म्हणून प्रत्येक भाग बसविण्यापूर्वी तो तराजूत घालावा, आणि गाडीची पहिली चाचणी पाम बीच मार्गावर न घेता पुलाच्या चढावर घ्यावी.