देवाच्या निमित्तानं मिळालेल्या मैत्रिणी

आपल्याकडे घरातल्या घरात आभार मानायची पद्धत नाही. आईला, सासूबाईंना किंवा शेजारच्या काकूंना 'आभारी आहे' म्हणून पाहा. लगेच उत्तर येईल, ''अगं, मी काय परकी आहे?'' पण म्हणून आपल्याला कृतज्ञता ठाऊक नाही असं थोडंच आहे! शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, काही नसेल तर चमचाभर साखर तरी घालायची. गावाहून आलेला वानवळा चार घरी वाटायचा. आपल्या बायकांचे आभार हे असे हातानं मानलेले असतात.

असे न बोललेले आभार सगळ्यात जास्त कुठे साठले असतील, तर ते भजनी मंडळात!

दुपारी तीन ते पाचची वेळ, एक पेटी, टाळांचे जोड आणि प्लॅस्टिकचं कव्हर घातलेल्या अभंगांच्या वह्या. प्रत्येकीच्या घरी पाळीपाळीनं भजन आणि नंतर फक्त चहा. 'फक्त चहा' हा नियम फार शहाणपणाचा बरं का! त्यामुळे दोन खोल्यांत राहणारीलाही पाळी घेताना संकोच वाटत नाही.

आपल्या आई-आजीच्या पिढीला 'मैत्रिणीकडे गप्पा मारायला जाते' असं म्हणायची सोय नव्हती. 'भजनाला जाते' म्हटलं की मात्र कोणी अडवत नसे. श्रद्धेनं त्यांच्यासाठी घराचं दार उघडून दिलं. त्या दोन तासांत दूध-पाणी, नातवंडं कोणीतरी सांभाळलं, म्हणून त्या निर्धास्त बसू शकल्या. आणि दाराबाहेर ज्या भेटल्या, त्या जन्माच्या मैत्रिणी झाल्या. देव, घर आणि मैत्रिणी असं हे तिघांचं देणं आहे.

संत जनाबाईंचंच बघा ना. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनीला देव भेटला तो दळू लागणाऱ्या सोबत्यासारखा. कष्टात हात लावतो तोच आपला, हे तिला नेमकं कळलं होतं. आपल्या भजनाच्या शेवटी पसायदान होतं. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण करताना ज्ञानेश्वरांनी हे मागणं मागितलं. सगळ्या जीवांचं एकमेकांशी मैत्र जुळावं, हेही त्यात आहे. धन नाही, पुत्र नाही, तर मैत्र!

या मैत्रीची खरी परीक्षा वाईट दिवसांत होते. आमच्या मंडळात पेटी वाजवणाऱ्या एक काकू आहेत. त्यांचे यजमान गेले आणि पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाची बोलावणी आपोआप थांबली. वर्षानुवर्षं ज्यांच्याकडे ये-जा, त्यांनीही बोलावलं नाही. भजन मात्र थांबलं नव्हतं. तेरावं झाल्यावर आठवडाभरात दोघीजणी त्यांच्या दारात उभ्या. ''चला, तुमच्याशिवाय पेटी कोण वाजवणार?'' काकू नको नको म्हणत होत्या, तर सूनबाईंनीच वही पिशवीत घालून हातात दिली. काकू आजही सांगतात, ''त्या दिवशी गेले नसते, तर पुन्हा घराबाहेर पडलेच नसते.''

म्हणजे देवाच्याच नावानं एक दार बंद होतं आणि दुसरं उघडतं! यातलं कोणतं धरायचं, ते आपल्याच हातात आहे. वारीत वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, 'माउली' म्हणतात. समोरच्या बाईच्या कपाळावर कुंकू आहे की नाही, हे कोणी बघत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं आवाहन केलं. पण ठराव कागदावरून घरात आणायचा तर तो आपणच आणायला हवा ना? आमच्या मंडळानं पुढच्या संक्रांतीपासून तिळगूळ आणि वाण सगळ्यांनाच द्यायला सुरुवात केली. पहिलं वाण पेटीवाल्या काकूंना दिलं. कोणी भाषण केलं नाही. काकूंनी वाण डोक्याला लावलं आणि पेटी पुढे ओढली.

तुमची मंडळी कदाचित भजनाची नसतील. लोकलच्या डब्यातल्या असतील, भिशीच्या असतील, नाहीतर शाळेच्या फाटकाशी मुलांची वाट बघत जमलेल्या असतील. रोज सकाळी मोबाइलवर गुलाबाची फुलं पाठवून ती मैत्री निभावत नाही हो! एखादी दोन-तीन वेळा दिसली नाही, तर तिच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं. आणि आपण बाहेर असताना घर सांभाळणाऱ्या माणसालाही एकदा तोंडानं सांगावं, 'तुम्ही होतात म्हणून मला जाता आलं.' 'परकी आहेस का?' असं म्हणतील, पण मनातून सुखावतील.

येत्या संक्रांतीला बोलावण्यांची यादी कराल, तेव्हा एकदा नीट वाचा. कोणाचं नाव राहून गेलंय का? असेल, तर ते सगळ्यात वर लिहा.