पोळा ते हस्त : जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन पेरणीपूर्वी बांधून घेताना

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील कर्जत, जामखेड, श्रीगोंदे, पाथर्डी व पारनेर या तालुक्यांत कोरडवाहू शेतकऱ्याची वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा ही दोन्ही रब्बी ज्वारीवर अवलंबून असतात. हा पर्जन्यछायेचा प्रदेश होय. मृगाने दगा दिला तरी येथील शेतकरी फारसा खचत नाही. त्याची नजर उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांकडे असते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने कोरडवाहू रब्बी ज्वारीच्या पेरणीसाठी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा काळ शिफारस केला आहे. त्याच्या आधी पेरले तर खोडमाशी पोंगे खाते. नंतर पेरले तर जमिनीतील ओल उडते आणि कणसे भरण्याच्या वेळी खडखड्या रोगाने ताटे आडवी होतात. कागदावर हा काळ एक महिन्याचा दिसतो. प्रत्यक्षात पाऊस उघडून वाफसा येतो तो चार-सहा दिवसांसाठी, आणि तेवढ्याच दिवसांत कुळवणी व पेरणी उरकावी लागते.

या चार-सहा दिवसांत ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर त्या घरी वर्षभर काय होते हे येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

जिल्ह्यात जुने ट्रॅक्टर अजून पुष्कळ आहेत. भारतात ट्रॅक्टर बांधणीस १९५९ च्या सुमारास फरीदाबाद येथे आयशरपासून आरंभ झाला. १९६३ मध्ये महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांची भागीदारीची कंपनी निघाली व तिच्यातून ‘इंटरनॅशनल बी-२७५’ हा ३५ अश्वशक्तीचा, चार सिलिंडरांचा ट्रॅक्टर महाराष्ट्राच्या रानात आला. मूळचा हा नमुना इंग्लंडमधील ब्रॅडफर्डचा. त्या पिढीतील यंत्रांत विजेची गुंतागुंत नाही. पाना, घण आणि जाणता मिस्त्री एवढ्यावर ती पुन्हा उभी राहतात. म्हणून वडिलांनी घेतलेले यंत्र मुलगा मोडीत घालावयास सहसा धजत नाही, आणि हिशेबाच्या दृष्टीनेही तो नेहमीच चुकीचा ठरतो असे नाही.

उदाहरणादाखल कर्जत तालुक्यातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. वीस एकर मध्यम काळी जमीन, दोन दुभत्या म्हशी, गोठ्यातील बैलजोडी केव्हाच विकलेली, आणि पडवीत असा एक जुना ‘इंटरनॅशनल’. आषाढापासून तो सकाळी उतारावर ढकलल्याखेरीज सुरू होत नाही. सायलेन्सरमधून निळा धूर निघतो, ऑइल भरण्याच्या तोंडाशी हात धरला तर धापा लागल्याप्रमाणे वाफारा येतो, आणि इंजिन तापले की ऑइलच्या दाबाचा काटा खाली बसतो. वडिलांचे म्हणणे, ‘नुसत्या रिंगा टाका, यंदाचे वर्ष निभेल.’ मुलाचे म्हणणे, ‘विकून टाकू.’ दोघांच्याही बोलण्यात निम्मे तथ्य आहे, आणि पोळा आठ दिवसांवर आला आहे.

अशा वेळी पहिले काम इंजिन उघडण्याचे नव्हे, निदानाचे. धुराचा रंग पुष्कळ सांगतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. येथे बहुधा हवेची गाळणी कोंदलेली असते किंवा नोजल बिघडलेले असते, आणि इंजिन निर्दोष असते. पांढरा धूर थंड इंजिनात न जळलेल्या डिझेलचा असतो. तो इंजिन तापल्यावरही टिकला तर सिलिंडरात पाणी शिरत असल्याचा संशय घ्यावा. याउपर खात्री हवी असेल तर मिस्त्रीकडून एकेका सिलिंडरात, पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, दाबाची हवा सोडवून कान लावावा. हवा ऑइलच्या तोंडातून निघाली तर रिंगा व बोर झिजले आहेत. सायलेन्सरमधून निघाली तर व्हॉल्व्ह बसत नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडचे गॅसकेट गेले आहे अथवा हेडला चीर पडली आहे. या वेळी गिअर सुटा ठेवावा व पंख्यापासून दूर उभे राहावे, कारण हवेच्या दाबाने इंजिन एकदम फिरू शकते.

आपल्या उदाहरणातील इंजिनाची हवा ऑइलच्या तोंडातून येते व दाबाचा काटाही पडतो. अर्थात वरचे आणि खालचे अशी दोन्ही कामे निघाली आहेत. नुसत्या रिंगांवर हे वर्ष निभणार नाही.

रिंगांविषयी येथेच सांगितले पाहिजे, कारण जिल्ह्यात सर्वांत जास्त पैसा याच मोहात वाया जातो. बोर झिजतो तो वरच्या बाजूस अधिक, जेथे रिंग उलटते तेथे. त्याच्याही वर न झिजलेल्या लोखंडाची एक कड राहते. जुन्या बोअरमध्ये नवी, धारदार रिंग घातली की ती या कडेवर आपटते व तुटते. शिवाय गोल रिंग लांबट झालेल्या बोअरमध्ये सर्व बाजूंनी टेकत नाही. बोर मापून त्याची झीज निर्मात्याच्या मर्यादेत असेल, कड काढली असेल आणि बोअरला होनिंग केले असेल, तरच नुसत्या रिंगा चालतात. मापाशिवाय रिंगा म्हणजे पावसाशिवाय पेरणी.

आता दिवसांचा हिशेब. पोळा श्रावणी अमावास्येला. सूर्य हस्तात जातो २७ सप्टेंबरच्या सुमारास. मधले अंतर वर्षपरत्वे कमी-अधिक, सर्वसाधारणपणे दोन ते सहा आठवडे. हे दिवस पुरेसे वाटतात, पण त्यांत गणेशोत्सव येतो. विसर्जनाच्या आगेमागे लेथवर कारागीर भेटत नाही. दुसरी गोष्ट अशी की साखर कारखान्यांचे गाळप जवळ आलेले असते आणि ऊस ओढणारे ट्रॅक्टर त्याच सुमारास दुरुस्तीसाठी शहरात रांग लावतात. इंजिन उतरविण्यास दोन दिवस लागतात, बांधण्यास तीन. सगळा काळ खातो तो क्रँक ग्राइंडिंगचा आणि बोअरचा नंबर. म्हणून जो शेतकरी इंजिन उतरविण्यापूर्वीच नगरला जाऊन हा नंबर लावून येतो, त्याचे निम्मे काम झाले असे समजावे.

सुटे भाग मात्र आधी आणू नयेत. पुष्कळ जण उत्साहाने लायनर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगा यांचा संच पहिल्याच फेरीत विकत घेतात. क्रँक मापल्यावर कळते की तो पूर्वी एकदा घासलेला आहे, आणि आणलेल्या मूळ मापाच्या बेअरिंगा निरुपयोगी ठरतात. क्रँकची झीज सम करण्यासाठी तो साधारणपणे ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी बारीक घासतात. जुने कारागीर यालाच दहाचा, विसाचा माल म्हणतात, कारण त्यांचे माप इंचाच्या हजाराव्या भागाचे. क्रँक विसावर गेला तर बेअरिंगही विसाचीच लागते. तेव्हा आधी माप, मग ग्राइंडिंगचा निर्णय, मग खरेदी. आणखी एक सावधगिरी अशी की ‘२७५’ हा आकडा पुढच्या काळातील ट्रॅक्टरांवरही आहे. जुन्या बी-२७५ चे इंजिन चार सिलिंडरांचे, तर पुढे आलेल्या २७५ डीआयचे तीन सिलिंडरांचे. दुकानात नुसता आकडा न सांगता इंजिनावरील क्रमांक लिहून न्यावा आणि जुना भाग पिशवीत घालून बरोबर ठेवावा.

लायनर दोन प्रकारचे असतात. ज्याच्या बाहेरच्या अंगास पाणी लागते तो ओला लायनर. तो बसविताना खालच्या रबरी कड्या नव्या घालाव्यात व लायनरची कड ब्लॉकच्या पातळीपेक्षा ठरलेल्या मापाइतकीच वर आहे ना ते पाहावे. कमी असली तर गॅसकेट टिकत नाही. दुसरा कोरडा, तो ब्लॉकमध्ये दाबून बसवितात, आणि त्यानंतर बोर पुन्हा मापून घ्यावा लागतो. पुष्कळदा लायनर दाबला की काम झाले असे समजून पुढे जातात, आणि पिस्टन चिकटल्यावर दोष ऑइलला देतात.

घाई अंगलट येते ती धुण्याच्या कामात. ग्राइंडिंग व होनिंग करताना सुटलेली भुकटी ही साधी माती नसून घासणारी रेती असते. क्रँकमधील ऑइलची भोके व ब्लॉकमधील वाटा येथे ती दडून बसते. नुसत्या डिझेलने पुसून ती निघत नाही. बुचे काढावीत, वाटांतून तारेचा कुंचा फिरवावा, सोड्याच्या गरम पाण्याने धुवावे, हवेने उडवून कोरडे करावे आणि लगेच ऑइल चोळावे, नाही तर रात्रीत गंज चढतो. बोर पांढऱ्या फडक्याने पुसावा. फडके काळे निघत असेल तोवर पुन्हा धुवावा. या कामाला निम्मा दिवस लागतो आणि त्याची मजुरी कोणी बिलात लिहीत नाही. म्हणूनच ते टळते. शेतकऱ्याच्या मुलाने मिस्त्रीजवळ बसून हे एक काम स्वतः करावे. त्यास कौशल्यापेक्षा चिकाटी अधिक लागते.

बांधणी करताना बेअरिंगच्या टोप्या ज्या जागेच्या त्याच जागी व त्याच दिशेने बसल्या पाहिजेत. उतरवितानाच त्यांवर खुणा कराव्यात. एकेक टोपी आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहावा. जेथे तो अडेल तेथेच थांबावे. रिंगेच्या दोन टोकांतील फट बोअरमध्ये रिंग घालून मापावी. साधारणपणे १०० मिलिमीटरच्या बोअरला ०.३ ते ०.४ मिलिमीटर फट ठेवतात, तथापि निर्मात्याचे माप हाती असेल तर तेच प्रमाण. टायमिंग गिअरच्या खुणा दोनदा पाहाव्यात. हेडचे नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. डिझेल पंप व नोजले शेतावर उघडू नयेत. ती चाचणीच्या यंत्रावरच तपासली जावीत. नवे इंजिन आणि ठिबकणारे नोजल यांची जोडी महिन्याभरात पिस्टन जाळते.

नगर शहरात १९९४ पासून चिलखती दलाचे रणगाडा संग्रहालय आहे. तेथे रोल्स-रॉइसची चिलखती मोटार आणि महायुद्धातील माटिल्डा, चर्चिल यांसारखे रणगाडे रांगेने उभे आहेत. जुन्या यंत्रांची आवड असणाऱ्याने ते अवश्य पाहावे. त्या यंत्रांना आता कोणतीही तारीख गाठावयाची नाही. पडवीतील ट्रॅक्टरला मात्र आहे, आणि ती आभाळ ठरविते.

म्हणून एक दिवस आधीच मुक्रर करून ठेवावा. क्रँक व ब्लॉक समजा २० सप्टेंबरपर्यंत घरी परत आले नाहीत, तर त्याच दिवशी शेजारच्या ट्रॅक्टरची किंवा बैलपाभरीची बोली करून मोकळे व्हावे. वाफसा आल्यावर सगळे शिवार एकदम पेरणीस निघते. मग भाड्याचा ट्रॅक्टर मिळत नाही, मिळाला तर दर परवडत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्याने या दृष्टीने एक साधी यादी करावी : कोणाकडे पाभर आहे, कोणाची जोडी मोकळी आहे, कोणता ट्रॅक्टर दुरुस्तीत अडकला आहे. कारखान्याकडून कामाचा लेखी अंदाज घेणे व काढलेले जुने भाग परत मागणे याचीही आठवण त्याने द्यावी. संकोचामुळे शेतकरी हे मागत नाही.

इंजिन पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी ऑइल व पाणी भरून, डिझेलच्या नळ्यांतील हवा काढून, डिझेल बंद ठेवून स्टार्टरने ते थोडे फिरवावे, म्हणजे बेअरिंगांपर्यंत ऑइल पोहोचते. सुरू होताच नजर दाबाच्या काट्यावर ठेवावी. काटा उठला नाही तर क्षणात बंद करावे. तापल्यावर गळती पाहावी. मग निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे हेडचे नट व व्हॉल्व्हची फट पुन्हा तपासावी.

यानंतर एक चूक सर्रास होते. नवे बांधलेले इंजिन ‘बसावे’ म्हणून ते दिवसभर नुसतेच मंद चालू ठेवतात. बिनओझ्याच्या चालीत रिंगा बोअरवर नीट दाबल्या जात नाहीत, बोअरला चकाकी चढते, आणि ऑइल कायमचे जळू लागते. इंजिनास काम हवे, पण हलके. या दृष्टीने रब्बीची पेरणी ही नव्या इंजिनास सोयीचीच म्हणावी लागेल. कुळवलेल्या रानात ४५ सेंटिमीटर अंतराने ज्वारी पेरणाऱ्या यंत्रास नांगराइतकी ओढ लागत नाही. हेक्टरी १० किलो बियाणे, किलोला ४ ग्रॅम गंधक चोळलेले, घेऊन तो सकाळी रानात उतरावा; मधूनमधून वेग कमी-जास्त करावा, दोन तासांनी थांबवून पाणी व ऑइल पाहावे.

उदाहरणातील ती वीस एकर या चालीने तीन दिवसांत पेरून होतात. पहिल्या ५० तासांनंतर ऑइल गरम असतानाच सोडावे व पांढऱ्या फडक्यातून गाळावे. बारीक करडी भुकटी दिसली तर चिंता नाही. ती रिंगा बसल्याची खूण आहे. चकचकीत कपचे दिसले तर मिस्त्रीस बोलवावे व तोवर ट्रॅक्टर पडवीतच ठेवावा. नांगर मात्र ज्वारी निघाल्यावर, फाल्गुनातच जोडावा.