सफारी आणि शेजारी

दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्स्वाना या देशांतील राष्ट्रीय उद्यानांना भेट देणाऱ्यांत अलीकडे मराठी पर्यटकांचीही भर पडू लागली आहे. 'सफारी' हा शब्द तसा आपल्याला परका नाही. आपल्या 'सफर' या शब्दाचे मूळ जे अरबी, तेच या स्वाहिली शब्दाचेही मूळ. परंतु गोऱ्या शिकाऱ्यांच्या तोंडी जाऊन त्याला बंदुकीच्या दारूचा वास लागला. सिंह, बिबळ्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस या ज्या पाच प्राण्यांच्या दर्शनासाठी आजचा पर्यटक आतुर असतो, त्यांना 'बिग फाइव्ह' ही पदवी शिकाऱ्यांनीच दिली. पायी चालत जाऊन मारावयास हे पाच प्राणी सर्वांत धोक्याचे, एवढाच तिचा अर्थ होता. आज बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे, हे इष्टच झाले. तथापि, हे रान ज्यांच्या दाराशी आहे त्यांचे काय झाले, हा प्रश्न पर्यटकाच्या मनात क्वचितच उद्भवतो.

पर्यटकाला जे दिसते ते अद्भुत असते, यात शंका नाही. मे ते ऑक्टोबर हा तिकडचा कोरडा ऋतू. या दिवसांत गवत वाळते, झुडपांची पाने झडतात, रानातील डबकी आटतात आणि उरलेल्या पाण्याभोवती सारी प्राणिसृष्टी गोळा होते. नामिबियातील इटोशाच्या पाणवठ्यावर झेब्रे, हरणे, जिराफ आणि हत्ती आपापली पाळी सांभाळून पाणी पिताना दिसतात. बोट्स्वानातील चोबे नदीच्या काठी सायंकाळी हत्तींचे कळप उतरतात. त्या एका देशात १ लाख ३० हजारांच्या आसपास हत्ती आहेत.

परंतु निर्मनुष्य वाटणारी ही राने निर्मनुष्य नव्हती. ती तशी करण्यात आली. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यान विस्ताराने आपल्या पुणे जिल्ह्याहूनही मोठे. १८९८ साली राखीव झालेल्या साबी अरण्यातून १९२६ साली ते निर्माण झाले. जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन हे १९०२ पासून त्या अरण्याचे व पुढे उद्यानाचे प्रमुख रक्षक. प्राण्यांवर त्यांचे प्रेम होते, पण त्यांनी तेथील वस्त्या हलविल्या. स्थानिक त्सोंगा लोकांनी त्यांना 'स्कुकुझा' असे नाव ठेवले. झाडून साफ करणारा, सारे उलटेपालटे करणारा, असा त्याचा आशय. उद्यानातील सर्वांत मोठ्या मुक्कामस्थळाचे नाव आजही स्कुकुझा हेच आहे. तेथे उतरणाऱ्या किती पाहुण्यांना त्याचा अर्थ ठाऊक असेल?

हा एकाच उद्यानाचा इतिहास नव्हे. इटोशातून हाइओम सान लोकांना १९५४ साली बाहेर काढण्यात आले. मध्य कालाहारीचे अरण्य १९६१ साली राखीव झाले, तेव्हा तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सान लोकांचे जीवन सांभाळणे हाही त्यामागे एक हेतू होता. त्याच लोकांना बोट्स्वानाच्या स्वतंत्र सरकारने १९९७ आणि २००२ साली तेथून हलविले. २००२ चे स्थलांतर बेकायदेशीर ठरविणारा निर्णय तेथील उच्च न्यायालयाने २००६ साली दिला. आपल्याच भूमीत कूपनलिकेचे पाणी वापरण्याचा हक्क मिळावयास मात्र त्यांना २०११ पर्यंत झगडावे लागले. अन्याय करावयास सत्ताधारी परकाच असावा लागतो असे नाही, हेच यावरून दिसते.

मग माणसांसाठी अरण्ये मोडून टाकावीत काय? मुळीच नाही, आणि हे उत्तर त्या विस्थापितांनीच दिले आहे. क्रूगरच्या उत्तर टोकाला लिम्पोपो आणि लुवुव्हू या नद्यांच्या मध्ये मकुलेके लोकांची गावे होती. १९६९ साली सुमारे ३ हजार माणसांना बंदुकीच्या धाकाने हुसकावण्यात आले. आपली घरे त्यांना आपल्याच हातांनी जाळावी लागली. वर्णद्वेषी राजवट गेल्यानंतर १९९८ साली ती सुमारे २४ हजार हेक्टर जमीन त्यांना परत मिळाली. ते तेथे नांगर धरू शकले असते. त्यांनी जमिनीची मालकी घेतली, परंतु ती उद्यानातच ठेवली आणि तेथील पर्यटनाचे उत्पन्न व रोजगार यांवर आपला हक्क सांगितला.

नामिबियाने १९९६ साली कायदाच केला. गोऱ्या जमीनदारांना आपल्या जमिनीवरील वन्य प्राण्यांबाबत जे हक्क पूर्वीपासून होते, तसे हक्क त्याने सामायिक जमिनीवरील ग्रामस्थांच्या संघांना दिले. असे ८६ संघ आज देशाचा सुमारे पंचमांश भूभाग सांभाळतात. ही व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. २०२० च्या महामारीत पर्यटक येईनासे झाले, तेव्हा गावच्या रक्षकांच्या पगाराचा झराच आटला. केवळ पाहुण्यांच्या पैशावर अरण्य विसंबून ठेवणे किती धोक्याचे, हे त्या वर्षी कळले. बोट्स्वानाने २०१४ साली घातलेली शिकारबंदी २०१९ साली उठविली. तीवर जगभरातून टीका झाली, पण हत्तींनी रातोरात उभे पीक तुडविलेल्या शेतकऱ्याची बाजू टीकाकारांपैकी फार थोड्यांनी ऐकून घेतली.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. २०२२ साली नामिबियातून ८ आणि २०२३ साली दक्षिण आफ्रिकेतून १२ चित्ते आपण मध्य प्रदेशातील कुनो येथे आणले. गुजरातच्या सिंहांसाठी म्हणून तेथील २४ गावे त्यापूर्वीच उठविली गेली होती. त्यांत बहुसंख्य सहरिया आदिवासी होते. सिंह आले नाहीत, चित्ते आले. प्राण्यांची आयात करताना त्या देशांनी मोठी किंमत मोजून मिळविलेले शहाणपण आणावयास आपण विसरलो. वन्य प्राण्याचा खरा रक्षक कुंपण नव्हे, शेजारी होय. आणि ज्या शेजाऱ्याला मालकीतही वाटा नाही आणि मिळकतीतही नाही, त्याने राखण का करावी, याचे उत्तर प्रत्येक सरकारने आणि जीपमध्ये बसणाऱ्या प्रत्येक पर्यटकाने द्यावयास हवे.